पिशवीवर कोल्हापुरी, आत काय?

मंडळी, पोस्ट मोठी आहे, आधीच सांगतो. फोटो मुद्दाम टाकलेले नाहीत. फोटो टाकले की तुम्ही फोटो बघता, 'लै भारी काका, मज्जा करा' एवढं लिहिता आणि पुढं जाता. या वेळी वाचा. शिव्या द्यायच्या असतील तर वाचून द्या, म्हणजे निदान मुद्द्यावर बसतील.

गेल्या महिन्यात मी आणि आमच्या सौ. पोर्तुगालला जाऊन आलो. पुतण्या तिथं पोर्तो शहरात नोकरीला आहे, तीन वर्षं 'काका या, काका या' म्हणून मागं लागला होता. आयुष्यातला पहिला परदेश. आठ दिवसांतला एक दिवस त्यानं आम्हाला दोरू नदीच्या खोऱ्यात द्राक्षमळे बघायला नेलं आणि तिथं आम्ही वाईन चाखली. हो, चाखली. आई माळकरी आहे, तिलाही फोनवर सांगितलं. ज्यांना 'काका दारू प्यायला युरोपात गेले' एवढंच लिहायचं आहे त्यांनी इथंच थांबून लिहून टाकावं. बाकीच्यांनी पुढं यावं, कारण विषय शेवटी गुळाचा आहे.

सकाळी साओ बेंतो स्टेशनवरून गाडी. स्टेशनच्या भिंतीभर निळ्या फरशांवर लढायांची, राजे-रजवाड्यांची चित्रं. गाडीनं अडीच तास पिन्याँव नावाच्या गावापर्यंत, त्यातला शेवटचा भाग अगदी नदीच्या काठानं. दोन्ही अंगांना डोंगर आणि पायथ्यापासून माथ्यापर्यंत दगडी ताली. गगनबावड्याकडं डोंगरात नाचणीसाठी टप्पे पाडलेले असतात ना, तसे, पण नजर जाईल तिथवर. माती म्हणावी अशी नाहीच. पाटीच्या दगडासारखा पापुद्रे सुटणारा खडक, तो फोडून त्यात वेल लावलेत. सौ. म्हणाल्या, "अहो, आपल्याकडं असल्या जागेत कुणी बाभळ पण लावली नसती."

आम्ही गेलो तो मळा मोठ्या कंपनीचा नव्हता. सत्तरी ओलांडलेली एक बाई, तिचा मुलगा आणि हंगामापुरती आलेली माणसं. सप्टेंबर म्हणजे तोडणीचा हंगाम. दगडी हौदात गुडघ्याच्या वर द्राक्षं भरलेली आणि एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून आठ-दहा जण ती तुडवत होते, एक जण ठेका देत होता. मला आमचं गुऱ्हाळ आठवलं. चरकातून रस पडायचा तो आवाज, चुलवाणात चिपाड सारणारा माणूस, काहिलीवरची वाफ आणि त्या वाफेत उभा असलेला गुळव्या. पुतण्या म्हणाला, "काका, डोळ्यात काय गेलं का?" म्हटलं, "होय, वाफ गेली." तिथं वाफ नव्हती.

पोर्ट वाईन कशी करतात ते बाईंनी सांगितलं, पुतण्यानं मराठीत आणलं. रस आंबायला लागतो, आतली साखर कमी व्हायला लागते आणि ठराविक क्षणी त्यात द्राक्षाचंच कडक स्पिरिट ओततात. आंबणं थांबतं, गोडवा तेवढाच उरतो. तो क्षण चुकला तर सगळं गेलं. आमचा गुळव्या पण पाकाचा थेंब पाण्यात सोडून गोळी बघायचा आणि ओरडायचा, "उतरवा!" दोन मिनिटं इकडं-तिकडं झाली की आख्खं आदण वाया. जगात गोड करणाऱ्यांची जात एकच, एवढं मला तिथं कळलं.

मग चाखणं. चार छोटे ग्लास, प्रत्येकात दोन घोट. पांढरी, लालभडक, मग पिंपात दहा वर्षं मुरलेली तपकिरी आणि शेवटी एक जुनी, बाईंच्या नवऱ्यानं शेवटच्या हंगामात भरलेली. शेजारी थुंकायला भांडं. चव घ्यायची, तोंडात फिरवायची आणि थुंकायचं. मी म्हटलं, एवढी महागाची वस्तू आणि थुंकायची? तर म्हणे, ज्याला दिवसभर पारख करायची असते तो गिळत नाही. मी थुंकलो नाही, कोल्हापूरचा आहे. सौ.नी एक घोट घेतला, तोंड वाकडं केलं, मग हळूच दुसरा घेतला. ते असो.

प्रत्येक बाटलीच्या मानेवर एक कागदी पट्टी चिकटवलेली होती. ती सरकारमान्य संस्थेची मोहर. नमुना प्रयोगशाळेत जातो, शिवाय चाखणाऱ्यांची अधिकृत समिती असते, ती चाखते. दोन्हीकडं पास झाला तरच पट्टी मिळते आणि पट्टी असेल तरच 'पोर्ट' लिहिता येतं. प्रत्येक मळ्याला अक्षर दिलेलं असतं. उंची किती, उतार किती, तोंड कुठल्या दिशेला, खडक कुठला, वेल किती जुने, याचे गुण घालून. वरचं अक्षर असलेल्या मळ्याला जास्त पोर्ट करायची परवानगी, खालच्याला कमी. बाईंनी स्वतःच्या मळ्याचं अक्षर सांगितलं, वरून दुसरं. शेजाऱ्याचं पहिलं आहे हेही सांगितलं आणि नाक मुरडलं. म्हटलं चला, शेजारी सगळीकडं सारखेच.

जेवण मळ्यातच. बटाटा आणि हिरव्या पानांचं दाटसर सूप, करडाचं भट्टीत भाजलेलं मटण, भात, पाव. बटाटा, पाव, काजू, अननस, चावी, पगार हे शब्द आपल्याकडं यांच्याच जहाजांतून आले. नुसते शब्द नाहीत, मिरची पण. अमेरिकेतली मिरची पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकात आपल्या किनाऱ्यावर आणली. म्हणजे मंडळी, तांबडा रस्सा तांबडा झाला तो या लोकांमुळं. त्याआधी आपल्या पूर्वजांकडं तिखटाला मिरीच होती. 'आमचा रस्सा हजारो वर्षांचा' म्हणून छाती फुगवणाऱ्यांनी हे जरा ऐकून ठेवावं.

आता मुख्य गोष्ट.

कुणाच्या घरी रिकाम्या हातानं जायचं नाही ही आपली रीत. पुतण्यासाठी नेलेल्या सामानात गुळाच्या एकेक किलोच्या दोन पिशव्या होत्या, त्यातली एक मी बरोबर घेतली होती. जेवणानंतर बाईंच्या हातात दिली. त्यांनी खडा फोडला, आधी वास घेतला, मग जिभेवर ठेवला, डोळे मिटले. वाईन चाखताना जे करतात तेच सगळं. मुलानं खडा उजेडात धरला. पुतण्यानं सांगितलं, याला इंग्रजीत जॅगरी म्हणतात आणि तो शब्द पोर्तुगीजांनीच आपल्या दक्षिणेतल्या भाषांमधून उचलून जगाला दिला. बाईंना भलतीच गंमत वाटली.

मग त्यांनी विचारायला सुरुवात केली. कुठल्या गावचा? कुणी केला? कुठल्या महिन्यात केला? ऊस कुठल्या जातीचा? नदीकाठचा की माळाचा? एवढा पिवळा कसा काय, उकळल्यावर साखर काळसर होते ना?

मी पिशवी हातात घेतली. पुढं मोठ्या अक्षरात 'अस्सल कोल्हापुरी गूळ'. अंबाबाईच्या देवळाचं शिखर, उसाची दोन कांडी. मागं वळवली. गाव नाही. गुऱ्हाळाचं नाव नाही. पॅकिंग करणाऱ्याचा पत्ता होता, तो कोल्हापूर जिल्ह्यातलासुद्धा नव्हता. ज्याच्या बापानं तीस वर्षं गुऱ्हाळ चालवलं तो मी, कोल्हापुरातल्या दुकानातून ही पिशवी घेऊन सात-आठ हजार किलोमीटर गेलो होतो आणि तोपर्यंत ती एकदाही उलटी करून वाचली नव्हती.

पुतण्याला म्हटलं, सांग त्यांना, आमच्या गावचा आहे, आमच्याच गुऱ्हाळाचा आहे. त्यानं माझ्याकडं बघितलं. "काका, आपलं गुऱ्हाळ बंद होऊन पंधरा वर्षं झाली." तरी सांगितलं बिचाऱ्यानं. मी खोटं बोललो, मंडळी. एका म्हाताऱ्या बाईशी, तिच्याच घरात, तिचं मीठ खाऊन.

परतीच्या गाडीत पुतण्यानं मोबाईलवर या खोऱ्याचा इतिहास वाचून दाखवला. तो तुम्हाला सांगायलाच पाहिजे, कारण तो आपल्या मार्केट यार्डाचाच इतिहास आहे असं वाटेल.

अठराव्या शतकात पोर्ट वाईनला इंग्लंडमध्ये तुफान मागणी आली. मागणी आली तशी भेसळ आली. रंग कमी पडला की एल्डरबेरी नावाच्या झुडपाच्या काळ्या फळांचा रस ओतायचा, गोडी कमी पडली की साखर घालायची. नाव खराब झालं, भाव कोसळला. इंग्रज व्यापारी म्हणायला लागले, शेतकरी भेसळ करतात. शेतकरी म्हणायला लागले, तुम्हीच सांगता म्हणून करतो. ओळखीचं वाटतंय का? मग १७५६ साली, लिस्बनच्या मोठ्या भूकंपानंतरच्याच वर्षी, पोंबाल नावाच्या मंत्र्यानं एक कंपनी स्थापून सगळा कारभार तिच्या हातात दिला. कुठल्या जमिनीतल्या द्राक्षाची पोर्ट म्हणायची ते ठरवलं आणि त्या जमिनीच्या हद्दीवर ग्रॅनाइटचे तीनशेहून जास्त खांब रोवले. त्यातले काही अजून उभे आहेत. आणि त्या खोऱ्यातली एल्डरबेरीची झुडपं मुळासकट उपटायचा हुकूम काढला. भेसळ करू नका असं फलक लावून सांगितलं नाही, भेसळीचं झाडच उपटलं.

हे प्रेमानं झालं नाही हेही सांगतो. पुढच्याच वर्षी पोर्तोमध्ये कंपनीविरुद्ध दारूच्या गुत्तेवाल्यांनी आणि लोकांनी दंगा केला, तर सरकारनं माणसं फासावर चढवली. पोंबाल हुकूमशहाच होता, त्याची आरती ओवाळायला मी बसलेलो नाही. आजही तिथं सगळं गोड नाही. पोर्टचा खप उतरलाय, सरकार कोटा कमी करतंय, लहान शेतकऱ्यांची द्राक्षं पडून राहतात. बाई स्वतः चिडून सांगत होत्या की वाईनमध्ये घालायचं स्पिरिट बहुतेक बाहेरच्या देशातून येतं, तेसुद्धा इथलंच पाहिजे. म्हणजे अडीचशेपेक्षा जास्त वर्षं झाली तरी 'नावात काय बसतं आणि काय नाही' यावर ते लोक अजून भांडताहेत. आपण त्यावर भांडणच करत नाही. आपण फक्त अभिमान बाळगतो.

आता घरी येऊ.

कोल्हापुरी गुळाला २०१४ साली भौगोलिक मानांकन मिळालं. जीआय, जीआय म्हणतात ते. तेव्हा पेढे वाटले, बातम्या झाल्या. कायद्यानं त्याचा अर्थ असा की जिल्ह्याबाहेर केलेला गूळ 'कोल्हापुरी' म्हणून विकला तर तो गुन्हा आहे. १९९९ च्या कायद्यात सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास हजारांपासून दोन लाखांपर्यंत दंड लिहिलेला आहे. कर्नाटकातला गूळ इथं येऊन कोल्हापुरी होतो ही ओरड तुम्ही-आम्ही दर हंगामात ऐकतो. शेतकरी अधूनमधून गाड्या अडवतात, सौदे बंद पाडतात, दोन दिवस पेपरात येतं. मग? कुणाला शिक्षा झाल्याचं तुम्ही ऐकलंत? मी तरी नाही.

पण बाहेरच्यांचं सोडा. आतलं बोलू, ते जास्त झोंबणारं आहे.

आमच्या वडिलांचं गुऱ्हाळ भोगावतीच्या काठाला होतं. भेंडीचं पाणी घालून मळी काढायची, बेताचा चुना, बाकी काही नाही. गूळ तांबूस व्हायचा, मऊ, दोन बोटांत दाबला की रवाळ. एका हंगामात यार्डातला एक व्यापारी वडिलांना म्हणाला, "आबा, तुमचा माल चांगलाय, पण गिऱ्हाईकाला पिवळा लागतोय. जरा पावडर मारा, जरा साखर सोडा काहिलीत, क्विंटलला चार पैसे जास्त देतो." वडील नाही म्हणाले. पुढच्या सौद्यात आमच्या रव्यांवर बोली सगळ्यात कमी. शेजारच्यानं साखर सोडली, त्याचा रवा सोन्यासारखा दिसायचा, त्याला भाव. दोन हंगाम वडिलांनी काढले, तिसऱ्या हंगामात ऊस कारखान्याला घातला. कारखान्याला निदान एफआरपी आहे, उशिरा का होईना पैसे ठरलेले येतात. गुळाला तसला कुठलाच आधार नाही, त्या दिवशीची बोली हाच भाव. काहील भंगारात गेली. चुलवाणाच्या खड्ड्यात आता पोरं क्रिकेटचा चेंडू शोधतात.

यात खलनायक कोण? तो व्यापारी? त्याला गुजरातच्या पेठेतून पिवळ्याची मागणी होती. शेजारी? त्याला पोरीचं लग्न करायचं होतं. साखर काहिलीत का जाते ते साधं आहे. साखर स्वस्त आणि गूळ महाग असतो तेव्हा पोतं फोडून रसात ओतलं की वजन वाढतं, कणी बरी येते, रंग उजळतो, फायदा जागेवर. पकडणंही सोपं नाही, कारण गुळातली गोडी पण मुख्यतः त्याच साखरेची असते. आणि रंग उडवायच्या पावडरीचं म्हणाल तर गुळात गंधकाचा अंश दर दशलक्ष भागांत ७० च्या वर नको असा अन्नसुरक्षेचा नियम आहे. नियम आहे, बघतंय कोण?

आणि आपण. तुम्ही आणि मी. दुकानात दोन ढेपा समोर ठेवल्या, एक तांबूस आणि एक पिवळीधमक, तर आपला हात कुठं जातो? माझा कुठं गेला ते मी वर सांगितलंच. गुऱ्हाळवाल्याचा पोरगा असून पिवळी पिशवी उचलली. त्या म्हाताऱ्या बाईनं जन्मात गूळ बघितला नव्हता, तरी तिनं पहिल्या मिनिटात विचारलं की उकळलेली साखर एवढी पिवळी कशी. मला पंधरा वर्षांत विचारावंसं वाटलं नाही.

जूनमध्ये प्राडाच्या मिलानच्या शोमध्ये आपल्या चपलेसारखी चप्पल दिसली तेव्हा आपण सगळे पेटून उठलो. मी पण तीन पोस्टी टाकल्या होत्या, जुन्या वाचकांना आठवत असतील. बरोबरच होतं ते. कोल्हापुरीचं नाव न घेता कोल्हापुरी वस्तू दाखवली, राग यायलाच पाहिजे. पण मग आपण काय करतोय? प्राडानं नाव न घेता वस्तू वापरली, आपण वस्तू न घालता नाव वापरतोय. इटलीवाल्याला जाब विचारायला आपण सगळे पुढं. यार्डातल्याला, दुकानदाराला, हॉटेलवाल्याला, स्वतःला विचारायला कुणी नाही. तिकडं जाब विचारायला पैसे पडत नाहीत ना.

हॉटेलचं काढलं म्हणून सांगतो. त्या संध्याकाळी पोर्तोत परत आल्यावर पुतण्यानं तिथली खास डिश खायला नेलं. वजडी! पांढऱ्या घेवड्यात शिजवलेली, जिऱ्याचा वास, बरोबर भात. गोष्ट अशी सांगतात की १४१५ साली आफ्रिकेतल्या सेउताच्या स्वारीवर निघालेल्या आरमाराला पोर्तोच्या लोकांनी सगळं मटण देऊन टाकलं आणि स्वतःला आतडी ठेवली. खरं-खोटं देव जाणे, पण त्या शहरातल्या माणसांना आजही 'वजडीवाले' म्हणतात आणि ते ते अभिमानानं सांगतात. चांगल्या हॉटेलात, पांढऱ्या टेबलक्लॉथवर वजडी. आपल्याकडं पाहुणा आला तर आपण वजडीचं नाव काढत नाही. त्याला नेतो आणि खायला घालतो काय? रंग घातलेला तांबडा, कॉर्नफ्लोअर घालून दाट केलेला पांढरा, आणि वर 'कोल्हापूरला आलाय तर घाम निघालाच पाहिजे' म्हणून पाठीवर थाप.

देशातल्या कुठल्याही हॉटेलात 'व्हेज कोल्हापुरी' मागवा. काय येतं? लाल रंग, लाल तिखट आणि वरून एक अख्खी मिरची. दिल्लीतल्या माणसाला वाटतं कोल्हापुरी म्हणजे जाळ. आपण पण रील काढतो, 'जाळ अन् धूर संगटच', आणि त्याचा तो समज पक्का करून देतो. पांढरा रस्सा तिखट असतो का? खोबऱ्याचं दूध, खसखस, तीळ, मटणाचं अळणी पाणी, इतका हलका की ताप आलेल्या माणसाला पाजावा. घरोघरीच्या कांदा-लसणाच्या चटणीला जे वीस-पंचवीस जिन्नस लागतात ते त्या लाल पुडीत असतात का? आजऱ्याच्या घनसाळ तांदळाला २०१६ साली मानांकन मिळालं. किती थाळ्यांत घनसाळचा भात दिसतो? चिठ्ठी मिळवायची, फ्रेम करायची, भिंतीला टांगायची.

'मग काय इथं वाईनसारखं गुळाचं चाखणं ठेवायचं का काका?' असं काही जण उपहासानं विचारतील. होय, ठेवायचंच. आणि ती काही परदेशी कल्पना नाही. गंगावेशीच्या दूधकट्ट्यावर संध्याकाळी जाऊन बघा. म्हैस समोर, धार समोर, पेला हातात, फेस बघून माणूस सांगतो दूध कसं आहे. सौद्याला जुना अडत्या रव्याला बोट घासून, जिभेला लावून सांगायचा हा गूळ कुठल्या गावचा. पारख आपल्याकडं होती, आपणच तिला निवृत्त केलं. जे गुळव्ये अजून जिवंत आहेत त्यांना बसवा समितीवर. प्रत्येक रव्यावर गाव, गुऱ्हाळ आणि तारीख छापा. साखर घालणाऱ्याला कुणी अडवत नाही, घाला, विका, पण त्यावर 'साखरमिश्रित' लिहा आणि कोल्हापूर हे नाव काढा. तांबूस गुळाचा सौदा वेगळा करा, म्हणजे त्याची पिवळ्याशी बरोबरी लागणार नाही. आणि मुंबई-पुण्याहून अंबाबाईला, जोतिबाला येणाऱ्या माणसाला हंगामात एक दिवस चालू गुऱ्हाळावर न्या. गरम काकवी, ताजा गूळ, खरडा-भाकरी, दुपारी पांढरा रस्सा. तो माणूस परत जाऊन पिवळी ढेप उचलणार नाही. आमच्या पिन्याँवच्या बाईंचं निम्मं घर असल्या पाहुण्यांवर चालतं.

यातलं काहीच अवघड नाही, फक्त कुणाच्या तरी पोटावर पाय येतो. पोंबालच्या वेळी पण आला होता. आणि आपल्याकडं नाव उभं करायला कुणी नव्हतं असंही नाही. १८९५ साली शाहू महाराजांनी शाहूपुरी वसवली ती गुळाची पेठ म्हणून. संस्थानातला गूळ बाहेर जावा, त्याला पेठ मिळावी म्हणून राजानं गाव वसवलं. आणि आज त्यांच्याच नावाच्या मार्केट यार्डात त्यांच्याच गुळाचं नाव कोण कसं वापरतंय हे बघायला माणूस नाही.

वाईनवरून शेवटचं एक, कारण काही जण अजून तिथंच अडकलेले असणार. जानेवारी २०२२ मध्ये आपल्या सरकारनं सुपरमार्केटात वाईन विकायला परवानगी द्यायचं ठरवलं. महिनोन् महिने 'मद्यराष्ट्र' म्हणून गदारोळ झाला, निर्णय बासनात गेला. वाईन म्हणजे दारू की नाही यावर सगळे बोलले. नाशिक-सांगलीच्या द्राक्षवाल्याला त्यातून काय मिळणार होतं आणि काय नाही, हे कुणी धड मांडलं नाही. बाटली दिसली की आपली नजर बाटलीवरच थांबते, मागच्या शेतापर्यंत जातच नाही. माझ्या या पोस्टवर पण तेच होणार आहे, मला माहीत आहे.

आता कामाचं. दोन आठवड्यांवर दिवाळी पाडवा आहे. पाडव्याला यार्डात मुहूर्ताचे गुळाचे सौदे निघतात. मी जाणार आहे. पुतण्याकडची ती पिशवी संपली, रिकामी पिशवी मी धुऊन, घडी करून परत आणली आहे. ती घेऊन तिथल्या जबाबदार माणसांना एकच विचारणार आहे, यावर आपल्या गावाचं नाव लिहायला याला परवानगी कुणी दिली. बरोबर कोण येणार असेल तर खाली लिहा. विशेषतः करवीर, पन्हाळा, राधानगरी, कागल, शाहूवाडीकडचे ज्यांच्याकडं अजून चुलवाण पेटतंय ते, आणि ज्यांचं विझलंय ते पण. सकाळी लवकर या. पहिला सौदा निघाला, फेटे बांधून फोटो झाले की सगळे घरी जातात, मग विचारायला कुणी सापडत नाही.